पाकिटावरचं नाव आणि कंपनीचं नाव

तुमच्या पत्रातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुमच्या सासूबाई सांगलीत घरून चटण्या-मसाले विकायच्या, त्यांनी ठेवलेलं छोटं मराठी नाव गावात रुजलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आणि तुमच्या जाऊबाईंनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. हवं ते नाव मिळालं नाही, म्हणून सल्लागारानं सुचवलेलं लांबलचक इंग्रजी नाव घेतलं. दुकानाच्या पाटीवर आणि पाकिटांवर मात्र सासूबाईंचंच नाव राहिलं. आता पुण्याच्या वितरकानं त्या नावानं काढलेला चेक बँकेनं परत केला, दुसरा एक वितरक "या नावाचं रजिस्ट्रेशन दाखवा" म्हणतो, आणि अमेरिकेतला भाचा सांगतो की 'डीबीए' ('डुइंग बिझनेस अ‍ॅज', म्हणजे धंद्याचं दुसरं नाव) नोंदवून टाका. असं दुसरं नाव वापरणं कायदेशीर आहे का, त्याची नोंदणी कुठे करायची, आणि यात 'लिमिटेड'चं संरक्षण जातं का, हे तुमचे प्रश्न. शिवाय त्या नावानं दुसरी कंपनी काढावी का, हेही.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: वापरता येतं. डीमार्ट नावाची कंपनी नाही, कंपनी आहे अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स लिमिटेड. क्रोमा चालवते इन्फिनिटी रिटेल लिमिटेड, ओलाच्या टॅक्सीमागे एएनआय टेक्नॉलॉजीज, तनिष्क हा टायटन कंपनीचा दागिन्यांचा ब्रँड. झोमॅटो लिमिटेडनं तर २०२५ मध्ये कंपनीचं नाव बदलून इटर्नल लिमिटेड केलं आणि झोमॅटो हे नाव अ‍ॅपपुरतं ठेवलं. तेव्हा कंपनीचं नाव एक आणि बाजारातलं नाव दुसरं यात चोरीछुपं काहीच नाही. एकाच कंपनीनं पाच नावांनी पाच धंदे केले तरी चालतात, फक्त ते कंपनीच्या मेमोरँडममधल्या, म्हणजे कंपनी काढताना नोंदवलेल्या मूळ दस्तऐवजातल्या, उद्दिष्टांत बसायला हवेत.

नोंदणीचं म्हणाल, तर भाच्याचं चुकलेलं नाही, तो तिथलं सांगतोय. अमेरिकेत एलएलसीला, म्हणजे तिथल्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला, स्वतःच्या नावाखेरीज दुसऱ्या नावानं धंदा करायचा तर बहुतेक ठिकाणी ते नाव राज्याकडे किंवा काउंटीकडे नोंदवावं लागतं. कॅलिफोर्नियात धंदा सुरू केल्यापासून ४० दिवसांत काउंटीत अर्ज, मग वर्तमानपत्रात चार आठवडे जाहिरात आणि पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी. भारतात असं एकच रजिस्टर नाही. "ही कंपनी या दुसऱ्या नावानं धंदा करते" असं प्रमाणपत्र देणारं कार्यालयच आपल्याकडे अस्तित्वात नाही. तुमच्या वितरकाला जे हवंय ते दोन कागदांवर मिळतं: जीएसटीचं प्रमाणपत्र आणि ट्रेडमार्क. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, त्यावर पुढे येतो.

आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण मला काळजी त्याची वाटते.

मर्यादित जबाबदारी ही कंपनीची आहे, नावाची नाही. कंपनी ही कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती आहे. तिचं देणं तिनं द्यायचं, भागधारकानं आपल्या शेअरच्या रकमेपलीकडे द्यायचं नाही. दुकानाचं नाव ही व्यक्ती नाही. ते नाव करार करू शकत नाही, कर्ज घेऊ शकत नाही, दावा लावू शकत नाही. त्या नावामागे नेहमी कोणीतरी असतं, आणि कोण आहे हे समोरच्याला तुम्ही सांगितलं नसेल, तर ज्यानं सही केली तोच आहे असं समोरचा धरून चालतो. कायदाही बराचसा त्याच्याच बाजूला उभा राहतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३० सांगतं की दुसऱ्यासाठी करार करणारा माणूस एरवी स्वतः बांधला जात नाही, पण आपण कोणासाठी करार करतोय त्याचं नाव त्यानं उघड केलं नसेल, तर तो स्वतः बांधला गेला असं गृहीत धरलं जातं. परक्राम्य दस्तऐवज कायद्याचं कलम २८ हेच हुंडी, चेक, प्रॉमिसरी नोटेबाबत सांगतं: आपण प्रतिनिधी म्हणून सही करतोय हे न दाखवता सही ठोकली, तर सही करणारा जबाबदार.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमध्ये 'लिमिटेड' कंपन्यांचा कायदा आला त्याच दशकात, १८५८ साली, एका कंपनीच्या सेक्रेटरीनं हुंडी स्वीकारताना कंपनीच्या नावातला 'लिमिटेड' हा शब्द गाळला, आणि त्या हुंडीचे पैसे त्याला स्वतःला द्यावे लागले. न्यायालयाचं म्हणणं असं की समोरच्याला 'इथे जबाबदारी मर्यादित आहे' हे कळण्यासाठीच तो शब्द आहे. मला हा खटला नेहमी आठवतो, कारण सगळं मर्म त्यात आहे. लिमिटेडचं संरक्षण फुकट मिळत नाही. समोरच्याला आधी सांगायचं की तुझा व्यवहार कंपनीशी आहे, माझ्याशी नाही, आणि ते ऐकूनही तो व्यवहार करत असेल तर ते संरक्षण तुमचं.

माझ्याच एका अशिलाचं सांगतो. पुण्यातले दोघे भाऊ, केटरिंगचा व्यवसाय, रीतसर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. बाजारात त्यांना कंपनीच्या नावानं कोणी ओळखत नव्हतं, सगळी ओळख दुकानाच्या नावाची. त्यांनी नवं स्वयंपाकघर उभारताना भट्ट्या, शीतकपाटं, स्टीलची टेबलं असं बरंच सामान उधारीवर घेतलं. कोटेशन मागवलं ते दुकानाच्या नावाच्या लेटरहेडवर, ऑर्डर दिली ती दुकानाच्या नावाच्या शिक्क्यावर. शिक्क्यावर 'करिता' आणि खाली दुकानाचं नाव. सही थोरल्या भावाची, हुद्दा नाही. डिलिव्हरी चलनावरही तेच. कंपनीचं नाव पुरवठादाराच्या कागदात पहिल्यांदा उगवलं ते तीन महिन्यांनी, जेव्हा यांनी बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकायला सांगितला. पुढे धंदा बसला, कंपनीकडे पैसे उरले नाहीत, आणि पुरवठादारानं दावा लावला तो थोरल्या भावावर वैयक्तिक. आमच्या वकिलांनी कंपनीचं बँक स्टेटमेंट, बोर्डाचा ठराव, सगळं पुढे ठेवलं. समोरच्याचं उत्तर एकच: "मी सामान दिलं तेव्हा मला यातलं काय दाखवलं होतं?" उत्तर नव्हतं. दीड वर्षानं तडजोड झाली आणि थोरल्या भावानं घरच्या पैशातून रक्कम फेडली. त्या भावाची बायको माझ्या ऑफिसात बसून म्हणाली, "मग कंपनी काढायला कशाला लावली होती तुम्ही?" तेव्हापासून कंपनी स्थापन झाली की पहिल्या बैठकीत मी शिक्का कसा हवा ते स्वतः कागदावर लिहून देतो.

शिक्का असा हवा: वर 'करिता', मग कंपनीचं पूर्ण नाव 'प्रायव्हेट लिमिटेड'सकट, सहीसाठी जागा आणि खाली 'संचालक'. दुकानाचं नाव शिक्क्यावर हवंच असेल तर कंपनीच्या नावाखाली, लहान अक्षरात. दुकानाच्या नावाचा वेगळा शिक्का केला असेल तर तो आजच कपाटातून बाहेर काढून टाका. ऑर्डर, भाडेकरार, उधारीचं पत्र, वितरकाशी करार, जिथे जिथे वचन दिलं जातं किंवा पैसा फिरतो, तिथे सहीखाली कंपनी आली पाहिजे. पाटी आणि पाकीट रंगवा हवं तसं.

उलट बाजूची एक चूकही सर्रास दिसते. दुकानाच्या नावापुढेच 'प्रा. लि.' लावून मोकळं व्हायचं. हे तर अजिबात करू नका. त्या नावाची कंपनी नोंदलेलीच नसेल, तर त्या नावाशेवटी 'लिमिटेड' किंवा 'प्रायव्हेट लिमिटेड' लावून धंदा करणं हा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५३ खाली गुन्हा आहे आणि दंड दिवसाच्या हिशेबानं, रोज किमान ५०० आणि कमाल २,००० रुपये.

आता कंपनी कायदा नेमकं काय दाखवायला सांगतो ते पाहू. कलम १२ चं पोटकलम ३. कंपनीची बिलं, लेटरहेड, नोटिसा यांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा एकवीस अंक-अक्षरी क्रमांक, फोन, ईमेल आणि वेबसाइट असेल तर ती. वेबसाइटच्या पहिल्या पानावरही हेच, शिवाय संपर्कासाठी एका व्यक्तीचं नाव. स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकत असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कायदेशीर नाव आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशीलही. आणि जिथे जिथे धंदा चालतो त्या प्रत्येक जागेच्या बाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता रंगवलेला किंवा लावलेला हवा, त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतसुद्धा. म्हणजे सांगलीत देवनागरीतसुद्धा. चुकलं तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला रोज १,००० रुपये, कमाल एक लाखापर्यंत. दुकानाच्या पाटीवर सासूबाईंचं नाव दोन फुटांचं असू दे, पण त्याखाली कंपनीचं नाव आणि पत्ता वाचता येईल इतक्या अक्षरात हवा. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत तो मला कुठे दिसला नाही.

पाटी बदलताच आहात तर महाराष्ट्राचा नियमही त्यातच उरकून घ्या. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. व्यापारी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते, न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. तुमचं नाव मुळात मराठी, त्यामुळे तुम्हाला यात त्रास नाही. जीएसटीच्या नियम १८ प्रमाणे प्रवेशाजवळच्या फलकावर जीएसटी क्रमांकही लागतो, आणि प्रमाणपत्र आत दर्शनी भागात.

शॉप अ‍ॅक्टवरून मुद्द्याच्या सगळ्यात किचकट जागी येतो. शॉप अ‍ॅक्ट म्हणा, मुंबईकडे गुमास्ता म्हणतात, म्हणजे वरच्याच दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, तुमचा तो कागद कोणाच्या नावावर आहे? बघा लगेच. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत बरेचदा असं दिसतं की कंपनी निघाली, पण दुकानाचं नाव कुठे तरी 'सरकारी कागदावर' हवं म्हणून कोणीतरी एजंटाकडून शॉप अ‍ॅक्ट काढून घेतला. एजंटानं अर्जात लिहिलं: आस्थापनेचं नाव म्हणजे दुकानाचं नाव, मालक म्हणजे कंपनीच्या संचालक असलेल्या ताईंचं स्वतःचं नाव. आता हा कागद घेऊन बँकेत गेलं की बँक आनंदानं त्या नावाचं चालू खातं उघडते, प्रोप्रायटर ताई. चेक वटायला लागतात, सगळे खूश. पण झालं काय, तर एका दुकानात दोन धंदे उभे राहिले. एक कंपनीचा, एक ताईंच्या एकटीच्या मालकीचा. माल कंपनीचा, जीएसटी कंपनीचा, पैसा जमा ताईंच्या पॅनवर. प्राप्तिकराच्या वेळी ती विक्री कोणाची हा प्रश्न, वितरकानं कापलेला टीडीएस भलत्याच पॅनवर, ऑडिटर सही करायला तयार नाही. आणि प्रोप्रायटर म्हटलं की जबाबदारी अमर्याद. ज्या संरक्षणासाठी कंपनी काढली ते स्वतःच्या हातानं काढून ठेवलं. तुम्ही असं खातं उघडलं नसेल तर उत्तम. चेक परत आला म्हणून कोणी असा 'सोपा उपाय' सुचवला, तर कृपा करून ऐकू नका.

शॉप अ‍ॅक्टची सूचना किंवा नोंदणी कंपनीच्याच नावे द्या. एफएसएसएआयचा म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना कंपनीच्याच नावे, भाडेकरार, विमा, वीजजोडणी सगळं कंपनीच्या नावे. विम्याचं मुद्दाम सांगतो: पॉलिसी दुकानाच्या नावे आणि माल कंपनीच्या पुस्तकात असला, की नुकसानीच्या वेळी सर्व्हेअरला शंका काढायला आयतं कारण मिळतं.

चेकचा प्रश्न त्या मानानं सोपा. बँकेनं चूक केलेली नाही. खातं कंपनीच्या नावावर, चेकवर दुसरंच नाव, तर तो पैसा कोणाचा हे बँकेला कसं कळणार? सगळ्यात चांगला उपाय म्हणजे प्रत्येक बिलावर ठळक ओळ: चेक फक्त या नावानं काढावा, आणि पुढे कंपनीचं पूर्ण नाव, खातं क्रमांक, आयएफएससी. वितरकाला आजच पत्र पाठवा. दुसरा उपाय म्हणजे बोर्डाचा ठराव आणि दुकानाचं नाव असलेलं जीएसटी प्रमाणपत्र बँकेला देऊन, या नावाचे चेक आमच्या खात्यात घ्यावेत अशी विनंती करणं. काही शाखा मान्य करतात, काही करत नाहीत, आणि ते त्यांच्या मर्जीवर आहे. चुकीच्या नावाचा चेक नुसता परत येतो तोवर ठीक. पण तो खात्यात घेतला गेला आणि मग पैसे नाहीत म्हणून बाउन्स झाला, तर चेक न वटल्याची, परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार कोण करणार? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. चेक एका दुकानाच्या नावे, तक्रार एका व्यक्तीची. ते दुकान आपलंच आहे हे त्याला कागदानं सिद्ध करता आलं नाही, आणि आरोपी सुटला तो सुटलाच. पैसे खरंच येणं होते की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो कागद कोणता, तर जीएसटी प्रमाणपत्र. जीएसटीच्या अर्जात 'कायदेशीर नाव' आणि 'व्यापारी नाव' असे दोन रकाने असतात. पहिल्यात पॅनवरचं, म्हणजे कंपनीचं नाव आपोआप येतं. दुसरा रकाना बरेच सल्लागार कंपनीच्याच नावानं भरून टाकतात. तुमच्याही प्रमाणपत्रावर तसंच झालं असणार. आरईजी-१४ अर्ज करून तिथे सासूबाईंचं नाव घाला. एकाहून जास्त नावं असतील तर जादा व्यापारी नावंही नोंदवता येतात. बदल झाला की १५ दिवसांत कळवायचा असतो. सरकारी शुल्क काही नाही. मग कोणीही तुमचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसतात. तुमच्या नव्या वितरकाला हेच दाखवा, बहुतेकांचं समाधान यावर होतं. बिलावर वर दुकानाचं नाव छापा, पण 'विक्रेता' म्हणून कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आलाच पाहिजे. डीमार्टची पावती काढून बघा, मोठे लोक कसं करतात ते कळेल. खाद्यपदार्थ असल्यामुळे बिलावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांकही हवा.

पण एक गैरसमज आत्ताच काढून टाका. जीएसटीत नाव आलं म्हणजे नाव तुमचं झालं, असं नाही. तिथे कोणी विचारत नाही की हे नाव आणखी कोणी वापरतं का. शॉप अ‍ॅक्टचंही तेच. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे त्या नावाचा ब्रँड तुमचा, असंही नाही. नावावरचा हक्क दोनच गोष्टींनी येतो: ट्रेडमार्कची नोंदणी, आणि आधीपासूनचा खरा वापर.

इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बळकट आहे, आणि त्याचं श्रेय सासूबाईंचं. आपल्या कायद्यात आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यापेक्षा वरचढ ठरतो. तिरुनेलवेलीचा 'इरुट्टुकडई' हलवा प्रसिद्ध आहे, मिणमिणत्या दिव्याच्या अंधाऱ्या दुकानातला म्हणून 'अंधाऱ्या दुकानाचा' हलवा. त्या नावावरून भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. समोरच्याकडेही मिळत्याजुळत्या नावाची नोंदणी होती, तरी न्यायालयानं कौल दिला तो आधीपासून वापरणाऱ्याच्या बाजूनं. फक्त 'आधीपासून' हे कागदानं दाखवावं लागतं. तेव्हा सासूबाईंच्या ट्रंका उघडा. जुनी पावतीपुस्तकं, लेबल छापणाऱ्या प्रेसची बिलं, भीमथडीसारख्या जत्रेतल्या स्टॉलच्या पावत्या, गणपतीतल्या स्मरणिकेतली जाहिरात, वर्तमानपत्रातलं कात्रण, बचत गटाच्या वहीतली नोंद. तारीख दिसेल असं काहीही. सगळं स्कॅन करून ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पण नीट बघा, हा आधीपासूनचा हक्क कोणाचा आहे? सासूबाईंचा. तुमची कंपनी दोन वर्षांची. सासूबाईंनी तो हक्क कंपनीला दिल्याचा कागद नसेल, तर कंपनी फक्त दोन वर्षांची वापरकर्ती ठरते. म्हणून पहिलं काम: सासूबाईंकडून कंपनीच्या नावे हस्तांतरणाचा लेख, ज्यात नाव, लेबल आणि त्यासोबतचा लौकिक म्हणजे गुडविल कंपनीला दिल्याचं स्पष्ट लिहिलेलं. ट्रेडमार्क नोंदलेला नसला तरी तो असा देता येतो. लौकिकासकट द्या, कारण लौकिकाशिवाय दिला तर कायद्यात जाहिरातीची वेगळी वाट चालावी लागते. योग्य मुद्रांक लावा, मोबदला कितीही लहान असो पण चेकनं द्या. आणि त्यांना ते वाचून दाखवा, समजावून सांगा. ही वीस वर्षांची त्यांची कमाई आहे. त्यांच्या नावे काही शेअर द्यावेत असं मला मनापासून वाटतं, तो सल्ला कायद्याचा नाही.

मग कंपनीच्या नावे ट्रेडमार्कचा अर्ज, टीएम-ए. तुमच्याकडे उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाच्या नोंदणीचा सरकारी कागद, आहे, त्यामुळे ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, नाहीतर कंपनीला ९,००० पडतात. मसाले आणि चटण्या वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये, दुकान चालवण्याची सेवा वर्ग ३५ मध्ये. पैसा मर्यादित असेल तर आधी ३० घ्या. अर्ज नुसत्या लोगोचा करू नका, शब्दाचा करा. लोगो दर पाच वर्षांनी बदलतो, शब्द राहतो. अर्जात 'कधीपासून वापर' या ठिकाणी सासूबाईंची तारीख आणि सोबत पुरावे व प्रतिज्ञापत्र. अर्जाची तपासणी होऊन तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला की चार महिने कोणालाही हरकत घेता येते, मग नोंदणी, ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. अर्ज केला की नावाशेजारी 'टीएम' छापू शकता. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय छापू नका, नोंदलेलं नसताना नोंदलेलं भासवणं कायद्यानं वर्ज्य आहे. पाकिटं एकदम लाखभर छापून घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

अर्ज कंपनीच्या नावे, तुमच्या किंवा जाऊबाईंच्या वैयक्तिक नावे नाही. काही सल्लागार उलटं सांगतात: ब्रँड स्वतःच्या नावे ठेवा, कंपनीला वापराचा परवाना द्या, कंपनी बुडाली तरी नाव वाचेल. हा विचार चुकीचा नाही, मोठ्या समूहांत असं केलं जातं. पण दोन जावांच्या कंपनीत ब्रँड एकीच्या नावावर असला की बाकी सगळी समानता कागदावर राहते. शिवाय पाकिटावर एफएसएसएआयच्या लेबलच्या नियमांप्रमाणे ब्रँडच्या मालकाचं नाव आणि पत्ता छापावा लागतो. मालक एक व्यक्ती, परवाना कंपनीचा, रॉयल्टीवर जीएसटी, असा गुंता तुमच्या आकाराच्या धंद्याला नको.

दुसरी कंपनी त्या नावानं काढावी का असंही तुम्ही विचारलंय. नको. दुसरी कंपनी म्हणजे दुसरं ऑडिट, दुसरी वार्षिक विवरणपत्रं, दुसरा जीएसटी, आणि दोन्ही कंपन्यांमधले व्यवहार रोज समजावत बसायचे. त्यापेक्षा आहे त्याच कंपनीचं नाव बदलणं बरं. विशेष ठराव, नाव राखून ठेवण्याचा अर्ज, ते मिळालं की साठ दिवसांत पुढचे अर्ज, नवं प्रमाणपत्र. पॅन क्रमांक तोच राहतो, पण पॅनवरचं नाव, बँक, जीएसटी, एफएसएसएआय, पाकिटं सगळीकडे फेरा करावा लागतो, आणि बदलानंतर दोन वर्षं जुनं नावही नव्यासोबत दाखवावं लागतं. तुम्हाला आधी ते नाव का मिळालं नाही, हे कळीचं आहे. मिळतंजुळतं नाव दुसऱ्या कंपनीकडे असेल तर ती काय धंदा करते, तिचा ट्रेडमार्क आहे का, हे आधी बघा. तुमचा ट्रेडमार्क नोंदला गेला, आणि त्या नावाची कंपनी निघून तीन वर्षं झाली नसतील, तर कलम १६ खाली तिला नाव बदलायला लावण्याचा अर्जही करता येतो. म्हणून ट्रेडमार्क आधी, कंपनीचं नाव नंतर. घाई नाही.

घाई आहे ती शिक्क्याची. आणि पुण्याच्या वितरकाशी करार कोणत्या नावानं झालाय तो मला पाठवा. त्यावर तुमची सही नुसत्या दुकानाच्या नावाखाली असेल तर एक पानाचं पुरवणी पत्र करून घेऊ: हा करार पहिल्यापासून कंपनीच्या वतीनं केलेला आहे, अमुक नाव हे कंपनीचं व्यापारी नाव आहे, आणि दोन्ही पक्षांना ते मान्य आहे. चांगले संबंध असताना अशा कागदावर सही पाच मिनिटांत होते.